झिजेची वही

एखादी वस्तू नेमकी जुनी कधी होते, हा प्रश्न मला फार लहानपणापासून पडत आला आहे. माहेरी मुरबाडला वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. त्याला मी एकदा विचारलं होतं की आमचं हे पातेलं अजून किती वर्षं चालेल. तो भाता दाबता दाबता म्हणाला, बुड जाईल त्या दिवशी जुनं, तोवर नवंच. ते उत्तर मला पटलं होतं. पुढे लग्न होऊन शहापूरकडे आले, सासऱ्यांच्या भाताच्या गिरणीच्या वह्या हातात आल्या, आणि मग कळलं की सरकारचं उत्तर निराळं आहे. सरकारच्या लेखी वस्तू दर साली थोडी थोडी जुनी होते, आणि तिनं किती जुनं व्हायचं ते कायद्यात लिहिलेलं असतं.

आमची गिरणी सापगावच्या पुढे, रस्त्याला लागूनच होती. तेलावर चालणारं एक इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारं भात कांडायचं यंत्र, पत्र्याचं एक गोदाम आणि एक मोटारलॉरी, एवढा कारभार. लॉरी माझे यजमान स्वतः चालवत. किन्हवलीकडून, मुरबाडकडून भात आणायचं, कांडायचं, तांदूळ कल्याणला पोचवायचा. गिरणी मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाहत. हिशेबही तेच लिहीत, पण मी या घरात आले त्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आकडा दिसायचा, पण तो तीन आहे की आठ ते कळायचं नाही, आणि कळत नाही हे ते कबूलही करायचे नाहीत.

मी मराठी सातवी पास झालेली होते. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी फारशी मोठ्यानं बोललं नव्हतं, कारण तिचा उपयोग काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक दिवस ठाण्याहून इन्कमटॅक्सचा लखोटा आला. मामंजींनी तो उजेडाकडे धरला, लांब धरला, जवळ धरला, शेवटी मला हाक मारून म्हणाले, "बग गो, काय लिवलंय." मी वाचून दाखवलं आणि वर दोन शंकाही विचारल्या. त्या शंकांची उत्तरं त्यांना देता येईनात. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या जमाखर्चाची वही, रोजमेळ, माझ्या पुढ्यात आला.

अट मात्र पहिल्याच दिवशी घातली गेली. "सरकारात चूक निघाली, तर दुसऱ्या दिवशी कल्याणचा मुनीम आणून बसवीन. मंग तू घरात, वही त्याच्याकडे." मी मान डोलावली. सून हिशेब लिहिते हे गावात कळलं तर लोक काय म्हणतील याची त्यांना धास्ती होतीच. वही स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत राहायची आणि मी कडी लावून लिहायची. पण मला त्या खोलीत किती सुख वाटायचं ते कसं सांगू? दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की मी काहीतरी विचारलं तर त्याचं उत्तर शोधायचा मला हक्क होता. ती वही हातची जाऊ नये, एवढीच माझी त्या काळातली इच्छा होती. बाकी देवाकडे मी काही मागितल्याचं आठवत नाही.

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आगेमागे कायदा बदलला. आमचे कल्याणचे वकील वर्षातून एकदा गिरणीवर येत, चहा घेत, आणि मामंजींना काय काय सांगून जात. मी दाराआड उभी राहून ऐकत असे. त्या वर्षी त्यांनी सांगितलं की झिजेबद्दल मिळणाऱ्या सुटीची रीत आता पालटली. आजवर इंजिन जेवढ्याला घेतलं, त्या किमतीचा ठरलेला भाग दर साली नफ्यातून वजा मिळत होता. इतकी वर्षं झाली की सगळी किंमत वसूल, खातं बंद. आता तसं नाही. आता मागच्या साली जेवढी किंमत उरली असेल, तिचा भाग वजा व्हायचा. पुढच्या साली उरलेल्याचा भाग, मग त्या उरलेल्याचा.

"मंग तोटाच की," मामंजी म्हणाले.

"पहिल्या वर्षांत जास्त मिळतं, पुढे पुढे कमी," वकील म्हणाले.

मला राहवेना. दाराआडून मीच विचारलं, "मग संपतं कधी?"

वकील दचकले. दाराकडे बघत म्हणाले, "कागदावर म्हणाल तर कधीच नाही. थोडं थोडं उरतंच."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात नाचणीची एक भाकरी घेतली. तिचा चतकोर मोडून बाजूला ठेवला. उरलेल्याचा चतकोर मोडला. पुन्हा उरलेल्याचा. तुकडे बारीक होत गेले, तरी ताटात भाकरी होतीच. सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "खायची तर खा गो, नायतर कोंबड्यांना टाक. त्या भाकरीनं तुझं काय केलंय?" मी खाऊन टाकली. पण मनातून ते गेलं नाही. म्हणजे आमच्यानंतर कोणीतरी वहीत लिहीत राहणार, आणि हे इंजिन कागदावर दोन आण्यांचं, एक पैचं, पैच्या तुकड्याचं होत राहणार, कायम! मला त्याची मोठी मौज वाटली.

त्या दिवसापासून मी दाराआडूनच वकिलांना सतावायला सुरुवात केली. लॉरीची झीज सगळ्यांत जास्त का? कारण ती रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेते. गोदामाची सगळ्यांत कमी का? कारण ते एका जागी उभं असतं. गोदामाखालच्या जमिनीची? तिची काहीच नाही, जमीन झिजत नाही. हे मला खरं वाटेना, कारण आमच्या ओढ्याकाठची जमीन दर पावसाळ्यात हातभर खाली जायची, पण मी वाद घातला नाही. मग मामंजींनी स्वतःच विचारलं, "आणि गाडीचे बैल? ते झिजत नाय का?" वकील म्हणाले की बैल म्हातारा झाला म्हणून काही मिळत नाही, मात्र तो मेला किंवा निकामी झाला, तर त्याची किंमत, त्यातून जे काही हाती येईल ते वजा करून, खर्चात धरतात. मामंजींनी बाहेर बांधलेल्या बैलांकडे तोंड वळवलं. मग मला म्हणाले, "सरकारला मेल्याबिगर दया येत नाय."

लढाई वाढली तशी सगळीच यंत्रं बेजार झाली. पेट्रोल मिळेना, म्हणून यजमानांनी लॉरीला मागं कोळशाच्या गॅसची उभी टाकी बसवून घेतली. आमच्या रानात कोळसा पाडणारे पुष्कळ, त्यामुळे जळणाची चिंता नव्हती, पण ती लॉरी चढावर अशी धापा टाकायची की वाटेत लोक उतरून ढकलायचे. गिरणीला काम मात्र दुप्पट. इंजिन दिवसभर धडधडायचं, आणि नवं इंजिन बाजारात डोळ्यालाही दिसत नव्हतं. जे होतं त्याच्या हाडांत नवी हाडं बसवून ते चालवायचं, दुसरा उपाय नव्हता. एका वर्षात पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, मोठी बेअरिंग दोनदा बदलली, सिलिंडरच्या आतली नळी बदलली. मुंबईच्या दुकानदाराची बिलं येत, त्यांवर नुसतं लिहिलेलं असे, "इंजिनाचे सामान." रक्कम मात्र दणदणीत.

मला हे "सामान" पुरेसं वाटेना. काय मोडलं, कसं मोडलं, किती महिने चाललं, हे जाणून घ्यायची मला हावच होती. म्हणून मी एक वेगळी वही केली. इंजिनवाले काका संध्याकाळी तेल मागायला येत तेव्हा त्यांना गाठून मी विचारून घ्यायची. हे काका डोंगरातल्या एका वाडीचे. मामंजींनी इंजिन आणलं तेव्हापासून तेच ते चालवत. शाळेत एक दिवसही गेले नव्हते, पण इंजिनाच्या आवाजावरून आत काय दुखतंय ते सांगायचे. मी वहीत चार रकाने आखले होते: काय बदललं, कधी, का, आणि जुनं कुठे गेलं.

शेवटच्या रकान्यात दर वेळी एकच उत्तर यायचं. "देवाला दिला."

गिरणीमागच्या टेकाडावर एका हेदाच्या झाडाखाली वाघदेवाची पाटी होती, लाकडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. काकांच्या वाडीचा तो देव. खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची, हळदकुंकू लागायचं. ज्या लोखंडाला एकदा हळदकुंकू लागलं ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकायचं नाही, असा काकांचा नेम. ते म्हणायचे, "पूजा केल्याली वस्तू हाय ही, बाय. हिला वजनानं कशी इकायची?" म्हणून झिजलेला प्रत्येक भाग ते टेकाडावर नेऊन देवापुढे ठेवत. लढाईत लोखंडाचा भाव चढला तेव्हा मामंजींचा जीव अगदी तीळ तीळ तुटायचा, पण वाघदेवाशी वैर कोण घेणार? ते फक्त टेकाडाकडे बघून सुस्कारा टाकत. मी मुकाट्यानं लिहायची, देवाला दिला.

मग एके वर्षी ठाण्याहून पत्र आलं की इन्कमटॅक्सचे साहेब स्वतः गिरणी पाहायला येणार. दुरुस्तीचा खर्च फार दिसतो, म्हणून चौकशी आहे.

मामंजींनी पत्र ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली की मोठा माणूस घरी येतोय. आठ दिवस आमच्याकडे दसरा अवतरला. गोदामाला चुना दिला. लॉरीचा पत्रा धुतला, बॉनेटवर आंब्याचा डहाळा बांधला. इंजिनाला तर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले, चाकाच्या कडेला तांबडी रेघ ओढली. इंजिनावर कंपनीची पितळी पाटी होती, तिला दरवर्षीप्रमाणे चिंच आणि राख लावून मीच घासली. अशी घासली की तोंड दिसावं! त्या पाटीवर कधीकाळी इंजिनाचा नंबर आणि साल होतं म्हणतात. खंडेनवमीच्या खंडेनवमीला घासून घासून ते कधीच गुळगुळीत झालं होतं. त्यावर बोट फिरवताना माझ्या मनात आलं होतं की ही झीज कुठल्या खात्यात धरायची, आणि मी एकटीच हसले होते. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कुठे ठाऊक?

साहेब आले. बारीक अंगाचे, हातात छत्री, बोलायला मऊ. त्यांनी चहा घेतला, गूळपोहे खाल्ले, आणि इंजिनापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "इंजिन सुरेख आहे. कधीचं?"

"लय जुना हाय साहेब," मामंजी म्हणाले. "माझ्या पोराचं लगीन व्हायच्या आधीचा."

"पावती?"

"वाळवीनं खाल्ली."

साहेबांनी पाटीवर बोट फिरवलं. रुमालानं पुसून पुन्हा फिरवलं. मग बिलांचा गठ्ठा उलगडून त्यांनी सरळ सांगितलं. दुरुस्तीचा खर्च असेल तर तो सगळा त्याच साली वजा मिळतो. पण नवं यंत्र घेतलं असेल तर त्याची सगळी किंमत एकदम मिळत नाही, दर साली झिजेपुरतीच मिळते. इथे बिलं आहेत नुसत्या "सामानाची", रक्कम आहे जवळजवळ एका इंजिनाएवढी, आणि समोर उभं आहे नवंकोरं इंजिन, नंबर पुसलेलं. "मी काय समजावं?" ते म्हणाले. "जुनं विकून नवं आणलंत आणि त्याला दुरुस्ती म्हटलंत. तसं असेल तर ही वही खोटी."

मी गिरणीच्या कुडाआड उभी होते. खोटी हा शब्द ऐकला आणि माझ्या कानशिलांत आग पेटली. मला इतका राग आला होता की त्यात भीती कुठली आणि संताप कुठला ते वेगळं करता येत नव्हतं. एकेक बेअरिंग विचारून विचारून लिहिलं होतं मी. आणि आमच्याच हातांनी, चिंच लावून, चुना फासून, आम्ही आमचं खरेपण पुसून टाकलं होतं. मामंजी आतल्या दिशेनं, म्हणजे माझ्या दिशेनं बघत होते. दिसत त्यांना काही नव्हतं, पण कल्याणचा मुनीम त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसला.

मी डोक्यावरचा पदर घट्ट केला, वही घेतली आणि बाहेर आले. परक्या पुरुषासमोर, तेही अंमलदारासमोर, आमच्या घरची बाई तोवर कधी उभी राहिली नव्हती. "साहेब, जुने भाग आहेत," मी म्हटलं. "सगळे आहेत. चला, दाखवते."

"कुठे आहेत?"

"देवाकडे."

साहेबांना वाटलं मी चेष्टा करते. मी वहीचा चौथा रकाना त्यांच्यापुढे धरला. ते वाचत गेले, देवाला दिला, देवाला दिला, देवाला दिले, आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. पण छत्री उघडून ते निघाले. मागून मामंजी यजमानांचा हात धरून, आणि सगळ्यांत पुढे इंजिनवाले काका.

झाडाखाली पोचल्यावर काका आडवे आले. "दावीन, पण हात लावू देनार नाय. दिल्याला परत घेत नसतात." मामंजीही म्हणाले की नको, देवाचं उचलायचं नाही.  एवढ्या लांब येऊन साहेब आता उलटे फिरतात की काय! पण त्यांनी पायांतले बूट काढले, छत्री मिटली आणि पाटीपासून दोन हातांवर उकिडवे बसले. "उचलायचं कशाला?" ते म्हणाले. "तुम्ही वाचा, हे दाखवतील, मी बघतो."

मी वाचत गेले. मोठी बेअरिंग, आवाज करत होती, पितळ फाटलं. काकांनी काठीनं न शिवता दाखवली. तिच्यावर शेंदराचा टिळा होता आणि खाली फाटलेलं पितळ. पिस्टन, डोकं जळालेलं. तो होता. रिंगा चार, दोन तुटक्या. दोन तुटक्या, दोन अख्ख्या, एकात एक घालून ठेवलेल्या. सिलिंडरची नळी, आतून ओरखडलेली. साहेब मान वाकडी करून आत डोकावले. आतल्या ओरखड्यांत कोळ्यानं जाळं केलं होतं. लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे, पंपाची दांडी, एक फुटकी घिरणी. वर्षानुवर्षांचं इंजिन त्या झाडाखाली सुटं सुटं बसलं होतं. एकेका नावाला काकांची काठी अचूक जायची, आणि साहेब बिलावर एकेक खूण करायचे. एकच चिमटा सापडला नाही. काका ओशाळून म्हणाले, "तो पोरांनी खेकडी धरायला नेला आसंल."

साहेब मोठ्यानं हसले. त्या बिलापुढेही त्यांनी खूण केली.

उतरताना त्यांनी मला विचारलं की वेगळी वही ठेवायला कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणीच नाही, मला ते कळून घ्यायचं होतं. त्यावर त्यांनी मामंजींना एवढंच सांगितलं की वही बरोबर आहे, आणि यापुढे तपासणीआधी इंजिनाला रंग देऊ नका. दीड-दोन महिन्यांनी हुकूम आला. दुरुस्तीचा सगळा खर्च मान्य. मी तो मामंजींना वाचून दाखवला. ते "बरं" म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. मुनिमाचं नाव निघालं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

लढाई संपली आणि कायदा पुन्हा हलला. कारखाने उभे राहावेत म्हणून सरकारनं नवी सवलत काढली. नवी इमारत बांधली, नवं यंत्र बसवलं, तर नेहमीच्या झिजेवर पहिल्या साली आणखी एक मोठी वजावट. नवं असताना झीज जास्त कशी, हे मला आजही नीटसं उमगलेलं नाही. वकिलांना विचारलं तर म्हणाले की ही झीज नव्हे, हे आमिष आहे. ते उत्तर मात्र मला समजलं. मामंजींनी आमिष आनंदानं गिळलं. नवं गोदाम बांधलं, भात कांडायचं दुसरं यंत्र आणलं. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, पण करातल्या सुटीचा नाद असा लागला होता की वकील आले की पहिला प्रश्न, आणखी काय काय वजा मिळतं?

एकदा वकील म्हणाले, "वह्या लिहिणाऱ्याचा पगार दाखवता का?"

"घरचीच हाय. पगार कसला?"

"घरची असली तरी काम करते ना? दिला तर खर्चात धरता येईल. मात्र खरोखर दिलेला हवा."

त्या दुपारी मामंजी काठी टेकत खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. "लिव गो. मुनिमाचा पगार, बारा म्हयन्यांचा." आणि त्यांनी आकडा सांगितला.

"कुणाला दिला?" मी विचारलं.

"तुला."

"मला कुठे मिळाला?"

"लिवायपुरता गो! घरातला पैसा घरातच. तुला काय कमी हाय का इथं?"

कमी काही नव्हतं, खरंच नव्हतं. लुगडी वेळेवर येत होती, माहेरी जायला लॉरी मिळत होती. पण मी टाक दौतीशेजारी ठेवला. "दिला नाही तो पगार मी दिला म्हणून लिहिणार नाही," मी म्हटलं. "साहेबांनी एकदा वही खोटी म्हटलं होतं. तेव्हा ती खोटी नव्हती."

मामंजींचा आवाज चढला. "तसा आसंल तर आणतो कल्याणचा मुनीम. तो लिवल सांगंल ते."

इतकी वर्षं ज्या वाक्याला मी भीत आले ते असं दिवसाढवळ्या माझ्यासमोर येऊन बसलं.  मी म्हटलं, "आणा मामंजी. पण त्याला पगार खरोखरच द्यावा लागेल."

मामंजींनी काठी उचलली. उठले, दाराची चौकट चाचपली आणि गिरणीकडे गेले. मी वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. बाहेर दोन्ही यंत्रं चालू होती. आता सासूबाईंना काय सांगायचं, यजमानांना काय सांगायचं, याचाच मी विचार करत होते.

बऱ्याच वेळानं ते परत आले. खांद्यावरच्या पंच्यात नोटा आणि रुपये बांधलेले होते. खाली बसून त्यांनी गाठ सोडली आणि एकेका महिन्याचे पैसे बोटांनी चाचपून, मोजून, चटईवर वेगवेगळे मांडले. बारा चळती झाल्या. त्या त्यांनी हातानं माझ्याकडे सरकवल्या.

"आता लिव," ते म्हणाले, "आणि काय लिवलंस ते वाच."

मी लिहिलं. या घरात मला सून म्हणत, गो म्हणत, पुढे पोरांची आई म्हणत. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं माझं नाव त्यानंतर कुणी घेतलं नव्हतं, आणि मीही कुठे लिहिलं नव्हतं. पैसे कुणाला दिले त्या जागी मी ते लिहिलं, मग तारीख आणि रक्कम, आणि सगळी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

मामंजी कान देऊन ऐकत होते. "कुणाला दिलं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी माझं नाव पुन्हा वाचलं.